खांबांमधली भिंत

टेपवाले काका चिडले की आवाज चढवत नसत. कोटाच्या उजव्या खिशातून पाच मीटरची स्टीलची टेप काढत, समोर जे असेल ते मोजत आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगत. एकदा माझ्या घरी आलेले एक गृहस्थ, आपल्या लोकांत आता जातबीत कुठे राहिलीय, असं सोफ्यावर रेलून सांगत होते. काकांनी त्यांच्या आणि स्वतःच्या खुर्चीतलं अंतर मोजलं. "एक मीटर दहा," ते म्हणाले. टेप सटकन आत गेली आणि काका चहा प्यायला लागले. गृहस्थांना काही कळलं नाही. मला कळलं होतं. मी बिस्किटांची बशी पुढे केली. आज मागे वळून बघताना वाटतं, माझ्या सगळ्या पापांची सुरुवात अशी बिस्किटांची बशी पुढे करण्यातच झालेली आहे.

काका मूळ नागपूरचे. सत्तरच्या दशकात नकाशे काढायच्या नोकरीवर इंग्लंडला आले आणि जन्मभर नकाशेच काढत राहिले. मिल्टन कीन्स हे शहर नुसतं कागदावर होतं, तेव्हा तो कागद ज्यांच्या टेबलावर होता त्यांतले ते एक. तिथले सरळ आडवे-उभे रस्ते, दर चौकातला गोल, सायकलींसाठी वेगळे तांबडे रस्ते, या सगळ्यांवर लोक विनोद करत. काकांना ते मुळीच खपत नसे. मी आयटीच्या नोकरीसाठी पुण्याहून तिकडे गेलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात चार वेळा रस्ता चुकलो. काका शेजारच्या सीटवर बसून म्हणाले, "रस्ता शोधू नको. रस्ता सरळच आहे. किती चौक मागे टाकले तेवढं मोज." मग खिडकीबाहेर बघत त्यांनी भर घातली, "माणसाचंही तेच असतं. पण माणसं मोजत नाहीत."

त्यांच्या माझ्या ओळखीला सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा माझी बायको आजारी पडून तीन आठवडे हॉस्पिटलात होती. मुलगी रेणू सात वर्षांची. त्या तीन आठवड्यांत रोज संध्याकाळी काका गाडी घेऊन यायचे आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे मावशींनी, भरलेला डबा दारातूनच द्यायचे. चार पुडांचा स्टीलचा डबा, वरच्या झाकणावर खिळ्यानं ठोकून काढलेलं मावशींचं नाव. आत कधी झुणका, कधी वडाभात, आणि रेणूला आवडते म्हणून दर दोन दिवसांनी सांबारवडी. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला त्या डब्यानं शिकवलं. हा डबा वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. तो पुढे पुन्हा यायचा आहे, आणि त्या वेळी मी त्याचं काय केलं ते मला सांगायचं आहे.

काकांचं दुसरं गाव सिसिलीत होतं. सेलिनस. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीकांनी समुद्रापार जाऊन वसवलेलं शहर. आज तिथे पडलेल्या देवळांचे ढीग आहेत आणि रानटी सेलरी उगवते. काका दरवर्षी मे महिन्यात मावशींना घेऊन स्वस्तातल्या विमानानं तिथे जात आणि आठ दिवस पावलांनी रस्ते मोजत हिंडत. मावशी सावलीत बसून स्वेटर विणायच्या. "लोक काशीला जातात, आमचे हे दगडांकडे जातात," असं त्या म्हणायच्या, पण त्यांनी एकही वर्ष चुकवलं नाही.

या गावाबद्दल काका बोलायला लागले की त्यांना वय राहत नसे. ते सांगायचे, माणसं बोटीतून उतरली आणि त्यांनी आधी घर बांधलं नाही, देऊळही बांधलं नाही. आधी खुंट्या मारल्या आणि दोऱ्या ताणल्या. मोठे रस्ते असे, लहान गल्ल्या तशा. घरांचे तुकडे जवळजवळ सारखे. बाजाराचा चौक कुठे आणि देवांची जागा कुठे, हे त्यावर काहीच उभं नसताना ठरवून मोकळं सोडलं. गावाच्या एका अंगाचे रस्ते एका दिशेला, दुसऱ्या अंगाचे थोडे तिरके, आणि दोन्ही येऊन मिळतात ते बाजाराच्या चौकात. जिथे सगळे भेटणार ती जागा आधी राखली, बाकी शहर तिच्याभोवती, हे सांगताना ते दोन्ही हातांचे पंजे एकमेकांत अडकवून दाखवत. देवावर त्यांचा विश्वास नव्हता. "देव नसला तरी चालतं, पण त्याची जागा सोडावी लागते," ते म्हणायचे. "नाहीतर लोक तो भलतीकडे नेऊन बसवतात."

तिथल्या देवळांना आज देवांची नावं नाहीत. कुठलं देऊळ कोणत्या देवाचं, हे अभ्यासकांना खात्रीनं सांगता येत नाही, म्हणून त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं दिलेली आहेत. काकांना याची फार मजा वाटे. पण खांब किती, दोन खांबांत अंतर किती, पायऱ्या किती उंच, हे अजून मोजता येतं. "देवांची नावं गेली, मोजमाप राहिलं," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते मी इतक्यांदा ऐकलं होतं की नंतर नंतर ऐकूच येईनासं झालं होतं.

रविवारच्या मराठी शाळेत त्यांनी एकदा मुलांना मागच्या हिरवळीवर नेलं आणि तंबूच्या खुंट्या व सुतळी देऊन अख्खं शहर आखायला लावलं. मुलं खूश. प्रत्येकाला सारखा तुकडा. आमची रेणू, जिचं मराठी तिथेच जन्मलेल्या मुलांसारखं होतं, तिनं स्वतःच्या तुकड्यात बसून विचारलं, "पण काका, बोट यायच्या बिफोर तिथे कोण राहत होता? त्यांना पीस मिळाला?" काका गवतावर मांडी घालून तिच्यासमोर बसले. त्यांनी सांगितलं की तिथे माणसं होती, त्यांना सारखा तुकडा मिळाला असं कुणी लिहून ठेवलेलं नाही, आणि सारखा वाटा नेहमी बोटीतल्यांचाच असतो. घरी जाताना मला म्हणाले, "तुझी पोरगी तुझ्यापेक्षा पुढे आहे. मला हा प्रश्न पडायला चाळीशी लागली."

त्या गावातल्या एका देवळाचा मात्र त्यांना राग होता. देऊळ एफ. गावाबाहेर पूर्वेच्या टेकडीवर तीन देवळं आहेत, त्यांतलं मधलं. आता तो नुसता ढिगारा आहे, पण त्याचा तळ बघून कळतं की भोवतीच्या खांबांमध्ये दगडी भिंत घातलेली होती, अडीच पुरुष उंच. असं ग्रीक देवळांत सहसा दिसत नाही. खांबांची ओळ असते ती मोकळी, वारा आणि ऊन आरपार जाणारी. भिंत का घातली याबद्दल अभ्यासकांचे अंदाज आहेत. कुणी म्हणतं आत गुप्त विधी चालत, कुणी म्हणतं आत मौल्यवान वस्तू ठेवत. काका दोन्ही ऐकून घ्यायचे आणि टेप काढायचे. "खांब उभे करायचे म्हणजे 'या' म्हणायचं. मग मधे भिंत काहून? आत काय होतं ते कोणालाच माहीत नाही. बाहेर कोण होतं ते मला माहीत आहे."

काका कुणालाही भेटले की "जय भीम" म्हणत. मोठ्यानं नाही, हळूही नाही, दुसरा कुणी सुप्रभात म्हणेल तसं. एप्रिलच्या चौदाला मावशींना घेऊन लंडनला, कॅमडेनमधल्या किंग हेन्रीज रोडवरच्या त्या निळ्या पाटीच्या घरासमोर जाऊन उभे राहत आणि फूल ठेवून परत येत. मला सोबत चल म्हणाले होते. मला त्या दिवशी काम होतं. दरवर्षी असे. त्यांच्या "जय भीम"ला मी घरी "जय भीम काका" म्हणायचो आणि मंडळाच्या कार्यक्रमात "नमस्कार, नमस्कार". त्यांच्या हे ध्यानात आलं नसेल असं मी समजत होतो. जो माणूस दोन खुर्च्यांमधलं अंतर मोजायचा, त्याच्या ध्यानात आलं नसेल.

आता मंडळाबद्दल. नाव लिहीत नाही. आसपासच्या दोन-तीन गावांतल्या मराठी घरांचं ते मंडळ होतं आणि मी त्याचा सेक्रेटरी. आमच्यात जात कुणी विचारत नसे. गाव विचारत. मग गावात घर कुठे, मग शाळा कुठली, मग आडनावाचे अमके तुमचे कोण, आणि शेवटी "अच्छा, अच्छा". त्या दुसऱ्या "अच्छा"नंतर विषय बदलायचा. आमचे अध्यक्ष अण्णा यात तरबेज होते. गोड बोलणारा माणूस, प्रत्येकाच्या मुलांची नावं पाठ. वाईट शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. त्याचाच मला आज जास्त संताप येतो. शिवी दिली असती तर मी तरी काही बोललो असतो, अशी स्वतःची समजूत घालता आली असती.

मंडळानं एक जुना, पडीक हॉल दीर्घ मुदतीच्या भाड्यानं घेतला आणि तो आतून नव्यानं बांधायचं ठरलं. आराखडा कोण करणार? सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. ते फुकट करणार होते, आणि फुकट करणाऱ्याला आमच्याकडे कुणी गाव विचारत नाही. काकांनी दोन महिने त्या हॉलमध्ये पावलं टाकली. मी सोबत वही घेऊन असायचो. संगणकावर नकाशा काढायला ते तयार नव्हते. ट्रेसिंगच्या कागदावर, शाईच्या पेननं, उभ्यानं काढला. मधे मोकळा चौक. पूर्वेला दहा दिवसांच्या गणपतीसाठी राखलेली जागा. "तुमच्या देवाला सोडली," मला म्हणाले, "मला तो नको, पण जागा सोडणं माझं काम आहे." आणि चौकाला लागून स्वयंपाकघर, त्याची चौकाकडची बाजू पूर्ण उघडी, नुसते चार खांब आणि एक लांब ओटा. कुणीही कुठूनही यावं, डबा ठेवावा, वाढायला लागावं. कोपऱ्यातल्या चौकटीत बारीक अक्षरात त्यांनी स्वतःचं नाव घातलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या नावाचे नकाशे काढले, मावशी मला म्हणाल्या, हा पहिला त्यांच्या नावाचा.

त्याच सुमारास संक्रांतीचा कार्यक्रम झाला. भाड्याच्या एका शाळेत, प्रत्येक घरानं एक पदार्थ आणायचा होता. मावशींनी सांबारवडी आणली, त्याच चार पुडांच्या डब्यातून. मी टेबलं लावत होतो. अण्णा जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "तो डबा जरा नंतर काढू या. ज्येष्ठ मंडळी आहेत, कुणाचं काही, उगाच कशाला. तुम्ही समजता." मी समजलो. मी तो डबा उचलला आणि टेबलाखाली, कागदी बश्यांच्या खोक्यांमागे ठेवला. नंतर काढायचा होता, तो काढला नाही. माझी बायको आजारी असताना तीन आठवडे माझ्या मुलीनं ज्यातून जेवण केलं, तो डबा मी माझ्या हातांनी टेबलाखाली सारला. वर, नाजूक गोष्ट कशी बोभाटा न करता मिटवली, असं क्षणभर वाटलं.

निघताना मावशींना डबा परत दिला. तो जड होता. मी म्हणालो, "मावशी, पदार्थ फार झाले होते, काढायचा राहूनच गेला." त्यांनी झाकणावरून एकदा हात फिरवला. "बरं," म्हणाल्या. "रेणूसाठी दोन वड्या काढून घे नं, पोरगी विचारत होती." मी काढून घेतल्या.

पुढच्या महिन्यात कमिटीनं नकाशा बघितला. कौतुक झालं, आणि मग एक छोटीशी सूचना आली. स्वयंपाकघर असं उघडं नको. चार खांबांच्या मधे भिंत घालावी. आतलं स्वयंपाकघर नैवेद्याचं, किल्ली ठरावीक चार घरांकडे. आणि घरून डबे येतात त्यांच्यासाठी बाहेरच्या बाजूनं, टॉयलेटकडच्या बोळातून, एक वेगळं दार आणि वेगळा ओटा. सोवळं हा शब्द कुणी उच्चारला नाही. "हायजीन" हा शब्द मात्र मी इतिवृत्तात पाच वेळा लिहिला. काकांना हे कुणी सांगायचं, असा प्रश्न आला तेव्हा पुन्हा सगळ्यांच्या माना वळल्या. या वेळी माझ्याकडे.

मी काकांकडे गेलो आणि म्हणालो, कौन्सिलचा फायरचा नियम आलाय, स्वयंपाकघर बंद हवं आणि दुसरं दार हवं. माझ्यासारखा शहाणाच ही चूक करू शकतो. ज्या माणसानं हयातभर कौन्सिलला मंजूर होणारे नकाशे काढले, त्याला मी नियम सांगत होतो.

काका हसले नाहीत. "कुठला नियम?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नवीन आहे, नंबर बघून सांगतो.

"आगीसाठी ओट्यावर शटर पुरतं. ते मी काढलेलं आहे, बघ. आता दाराचं सांग. डबेवाल्यांना बोळातून वेगळं दार काहून? आग दारातून येताना कोणाचा डबा आहे ते बघते काय?"

मावशी आतून पाणी घेऊन आल्या, माझ्यासमोर ठेवलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. काकांनी टेप काढली नाही. मला त्याची फार भीती वाटली. ते म्हणाले, "मला ठाऊक आहे भिंत कोणासाठी आहे. कमिटीला ठाऊक आहे. तुलाही. मीटिंगला मी येतो. तिथं तू फक्त एक वाक्य बोल, भिंत कोणासाठी. दुसऱ्या कोणाकडून मला नको, त्यांच्याकडून माझी अपेक्षाच नाही. तुझ्या तोंडून पाहिजे. मग भिंत बांधली तरी चालेल."

मी हो म्हणालो. गाडीत बसून ते वाक्य म्हणून बघितलं. आठ शब्दांचं होतं.

मीटिंगला काका कोट घालून आले. सोबत प्रोजेक्टर आणि देऊळ एफचा तळ दाखवणारी एकच स्लाइड. खांब कुठे, मधली भिंत कुठे, हे त्यांनी पाच मिनिटांत समजावलं. मागे कुणीतरी चहाचं विचारत होतं. एकजण कुजबुजला, "आपण हॉल बांधतोय की अॅक्रॉपोलिस?" आणि थोडं हसू झालं. काका हसू थांबेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "हे शहर मला फार आवडतं. त्यांनी सगळं बरोबर आखलं होतं. नंतर कोणीतरी येऊन ही भिंत घातली. आज तुम्हीही घालताहात. सेक्रेटरी, सांगा यांना. भिंत कोणासाठी?"

तोवर ते मला कधी "सांगा" म्हणाले नव्हते.

अण्णा मधुर आवाजात म्हणाले, "काका, गैरसमज करून घेऊ नका. आपल्यात तसलं काही नाही. नियम आहे म्हणून. हो की नाही?" हा प्रश्न मला होता. खोलीतली पंधरा माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांतल्या दोघांच्या ओळखीनं मला नवी नोकरी मिळणार होती, एकाच्या घरी आमचं शनिवारचं येणं-जाणं होतं. एवढंच कारण होतं. याहून मोठं काही नव्हतं. मी वहीत बघत म्हणालो, "हो काका. नियम आहे."

काका टेबलाशी आले. नकाशा पसरला. ट्रेसिंगवर शाई खोडरबरानं जात नाही; नकाशे काढणारे ती ब्लेडनं खरवडतात. त्यांनी पाकिटातून ब्लेड काढली आणि कोपऱ्यातल्या चौकटीतलं स्वतःचं नाव खरवडायला सुरुवात केली. अजिबात घाई नाही. एकेक अक्षर, कागद न फाडता. तो बारीक करकर आवाज पंधरा माणसं ऐकत बसली. सगळं गेल्यावर त्यांनी भुकटी फुंकली, बोटानं कागद सपाट केला आणि म्हणाले, "नकाशा ठेवा. मोजमाप बरोबर आहे. नाव तेवढं राहिलं नाही."

दारापर्यंत मी त्यांच्यामागे गेलो. काहीतरी बोलावं म्हणून "काका, पुढच्या वेळी" असं सुरू केलं. सेलिनसजवळ एक खाण आहे, देवळांसाठी दगड काढायची. शत्रू आला तेव्हा काम टाकून माणसं पळाली, आणि तिथे अजून कातळात अर्धे कोरलेले खांब उभे आहेत, चारी बाजूंनी कापलेले, पण तळाशी खडकाला चिकटलेले. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "तू त्या खाणीतला खांब आहेस. दगड चांगला आहे. सुटला नाहीस." मग "जय भीम" म्हणून गेले. मी वळून आत बघितलं, कुणी ऐकतंय का ते. आणि मग, कुणी ऐकत नव्हतं तरी, काहीच म्हणालो नाही.

इतिवृत्तात मी लिहिलं: नियमानुसार केलेली सुधारणा काकांनी मान्य केली.

हॉल झाला. भिंत झाली. उद्घाटनाच्या फलकावर "आराखडा" या शब्दापुढे जागा रिकामी दिसायला नको, म्हणून अण्णांनी माझं नाव घातलं. नाही म्हणायला मला एक फोन करावा लागला असता. चार वर्षं त्या फलकाखालून मी आत-बाहेर करत होतो. रेणूनं मराठी शाळा सोडली. का, म्हणून विचारलं तर "बोअरिंग आहे" म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं नाही. काका मला दोनदा दिसले. एकदा तांबड्या रस्त्यावर, सायकलींना वाट देत बाजूला उभे. त्यांनी नेहमीसारखं "जय भीम" म्हटलं. त्यांचा राग मोठा होता, पण तो त्यांनी माझ्या नमस्कारावर कधी काढला नाही. मला वाटतं, त्यांनी तो काढला असता तर मी सुटलो असतो.

यंदा फेब्रुवारीत काका गेले. मला तिसऱ्या दिवशी कळलं, आणि तेही रेणूकडून. ती त्यांच्याकडे जात असे, अधूनमधून, मला न सांगता. मी मावशींकडे गेलो. घरात लंडनहून, हाउन्सलोहून आलेली माणसं होती. मावशी स्वयंपाकघरात होत्या. मी दारात उभा राहिलो आणि ते वाक्य म्हणालो, पाच वर्षं उशिरा. "मावशी, ती भिंत तुमच्यासाठी आणि काकांसाठी बांधली. नियम नव्हता. आणि संक्रांतीला डबा मी लपवला होता."

मावशी चहा गाळत होत्या. गाळणं पुरं केलं. "डब्याचं मी त्यांना कधी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर जीव होता त्यांचा. पण मला काहून सांगतोस बाबा? मी तर भिंतीच्या याच बाजूला होते, मला दिसतच होती. ज्यांना दिसत नाही म्हणतात त्यांना जाऊन सांग." आणि माझ्या हातात कप दिला.

गेल्या रविवारी मंडळाची वार्षिक सभा होती. काकांना श्रद्धांजलीचा ठराव मीच मांडायचा होता. अण्णांनी आदल्या दिवशी फोन करून सुचवलं, त्यांच्या सिसिलीच्या सहलींबद्दल सांगा, मुलांना सुतळीनं शहर शिकवलं ते सांगा, छान होईल. मी ते सगळं सांगितलं. मग पाच वर्षांपूर्वीच्या त्या मीटिंगचं इतिवृत्त दुरुस्त करायचं आहे म्हणालो आणि वाचायला लागलो. दुसऱ्या वाक्याला अण्णांनी बिस्किटांची बशी फिरवायला सांगितली. बशी माझ्यापर्यंत आली. मी ती खाली ठेवली आणि पुढे वाचलं. चार घरं उठून गेली. माझ्या जागी नवा सेक्रेटरी शोधा, असं मला सांगण्यात आलं आहे. पण वही अजून माझ्याकडे आहे, आणि तिच्यात लिहिलेलं असं आहे:

या हॉलचा आराखडा टेपवाले काकांचा आहे. फलकावरचं नाव खोटं आहे. स्वयंपाकघराच्या चार खांबांमधली भिंत त्यांच्या नकाशात नाही. ती साडेसात मीटर लांब आणि दोन मीटर चाळीस उंच आहे. काल मी स्वतः मोजली. ती काका, मावशी आणि त्यांच्यासारख्या माणसांचे डबे वेगळे ठेवण्यासाठी बांधलेली आहे. असा कुठलाही नियम नव्हता. नियम आहे, असं सेक्रेटरी म्हणाला. तो खोटं बोलला. जय भीम.